क्लिफर्ड बिअर्स आणि मनोरुग्णालय सुधारणेची चळवळ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत मनोरुग्णांच्या बाजूने उभी राहिलेली सर्वांत मोठी चळवळ एका रुग्णानेच सुरू केली. तिच्याविषयी पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं बरंच आहे.

क्लिफर्ड बिअर्स डॉक्टर होता का?

नाही. क्लिफर्ड व्हिटिंगहॅम बिअर्स (१८७६–१९४३) हा अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातल्या न्यू हेवन गावचा. १८९७ साली येल विद्यापीठाची पदवी घेऊन तो न्यूयॉर्कला नोकरीला लागला. वैद्यकाशी त्याचा संबंध आला तो रुग्ण म्हणूनच. १९०० ते १९०३ ही तीन वर्षं त्याची मनोरुग्णालयांत गेली.

तो आजारी कशामुळे पडला?

एकच एक कारण सांगता येत नाही. मनात बसलेली भीती मात्र त्याने स्वतः नोंदवली आहे. तो येलमध्ये शिकत असताना, १८९४ साली, त्याच्या थोरल्या भावाला फिट्स येऊ लागल्या. धडधाकट भावाची ही गत पाहून आज ना उद्या आपलीही पाळी येणार, या विचाराने त्याला घेरलं. अशा अवस्थेत त्याने काही वर्षं अभ्यास केला, परीक्षा दिल्या, नोकरीही केली आणि कोणाला पत्ता लागू दिला नाही. जून १९०० मध्ये त्याने घराच्या खिडकीतून उडी टाकली. पायांची हाडं मोडली, पण जीव वाचला. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत तो भाऊ वारला.

नंतर त्याला झालेले भ्रम बिनबुडाचे नव्हते, प्रत्येकाला काही ना काही तर्क होता. आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा आहे, हे त्याला ठाऊक होतं. म्हणजे आपल्यावर खटला भरला जाणार. इस्पितळात दुखऱ्या पायांना गरम पोटीस बांधलं की त्याला वाटे, पोलीस कबुलीजबाबासाठी छळताहेत. भेटायला येणारे आईवडील, भाऊ त्याच्या लेखी वेषांतर केलेले गुप्तहेर होते. आपल्या तोंडून निघालेला शब्द आपल्याविरुद्ध पुरावा होईल, म्हणून त्याने बोलणंच टाकलं. जवळपास दोन वर्षं तो गप्प होता.

त्याला सरकारी वेड्यांच्या इस्पितळात टाकलं होतं का?

शेवटी टाकलं, आधी नाही. आधी एक खाजगी आरोग्यधाम, मग एका परिचारकाच्या घरी मुक्काम, मग हार्टफर्डची नावाजलेली धर्मादाय संस्था आणि अखेर नोव्हेंबर १९०२ मध्ये मिडलटाउनचं सरकारी रुग्णालय, असा त्याचा प्रवास झाला. पैसे मोजले की माणुसकी मिळते हा समज त्याच्या अनुभवाने पार खोडून काढला. पहिल्याच खाजगी संस्थेत रात्री त्याचे हात चामडी मफमध्ये, म्हणजे हात कोंबून ठेवायच्या पिशवीत, अडकवून कुलूपबंद करत. हाडं मोडलेला आणि तोंडातून शब्द न काढणारा हा माणूस कोणाला इजा करणार होता?

अशा ठिकाणी रुग्णाचं नशीब डॉक्टरांपेक्षा परिचारकांच्या हातात असतं, हे त्याने बारकाईने टिपलं आहे. त्या संस्थेत परिचारकांना महिना १८ डॉलर मिळत. एवढ्याशा पगारात, प्रशिक्षणाशिवाय, दिवसभर राबायला जो मिळेल तो ठेवायचा. डॉक्टरांची फेरी काही मिनिटांची, बाकीचे तास परिचारकाचे. बिअर्सने मारकुट्या परिचारकांवर संताप काढला, पण दोष त्यांच्यावरच ढकलून तो थांबला नाही. ही माणसं कोण नेमतं आणि किती पगारात नेमतं, असं त्याने विचारलं. आजही मनोरुग्णालयाबद्दल बातमी आली की एखादा वॉर्डबॉय निलंबित होतो आणि प्रकरण मिटतं. शंभर वर्षांपूर्वीचा हा रुग्ण त्यापेक्षा खोलात गेला होता.

भावाच्या पत्राची गोष्ट खरी आहे का?

खरी आहे, आणि त्याच्या साऱ्या कहाणीतला मला सर्वांत थक्क करणारा भाग हाच.

भेटायला येणारा त्याचा दुसरा भाऊ जॉर्ज हा खरा जॉर्ज नसून तोतया आहे, अशी त्याची खात्री होती. हार्टफर्डमधल्या दुसऱ्या एका रुग्णाने त्याला सुचवलं की खरं-खोटं एकदा तपासून तरी पाहा. तेव्हा बिअर्सने चोरून एक पत्र लिहिलं आणि ते भावाच्या न्यू हेवनच्या पत्त्यावर पोस्टाने गेलं. आशय असा, की परवा तुझं नाव सांगणारा एक गृहस्थ मला भेटून गेला. तो तूच असशील, तर पुढच्या वेळी येताना हे पत्र घेऊन ये. युक्तिवाद चोख होता. तोतयाला घरच्या पत्त्यावर गेलेलं पत्र मिळायचं कसं?

३० ऑगस्ट १९०२ रोजी जॉर्ज आला आणि त्याने खिशातून तेच पत्र काढलं. भ्रमांचा सगळा डोलारा त्या क्षणी कोसळला. उडी मारल्याच्या दिवसापासून ७९८ दिवस झाले होते.

हा पुरावा त्याने स्वतःच आखला, स्वतःच तपासला. त्याला मदत झाली ती दुसऱ्या एका रुग्णाची. डॉक्टरांचा यात काहीही वाटा नव्हता.

म्हणजे तो बरा झाला? मग पुढे आणखी वर्षभर आत का होता?

कारण नैराश्य संपलं आणि उन्माद सुरू झाला. आजच्या निदानाप्रमाणे हा बायपोलर आजार म्हणता येईल. दोन वर्षं मुका असलेला माणूस आता अखंड बोलू लागला, लिहू लागला. कागद पुरेना, तेव्हा वेष्टनाच्या कागदाच्या फूटभर रुंद पट्ट्या जोडून तो त्यावर लांबलचक पत्रं लिही. साऱ्या जगातल्या मनोरुग्णालयांची सुधारणा आपल्याच हातून होणार, असं त्याला वाटू लागलं. डॉक्टरांच्या दृष्टीने हा महत्तेचा भ्रम होता. त्यातला बराचसा पुढे खरा झाला, यावर हसावं की काय करावं ते कळत नाही.

गप्प रुग्ण कोणालाही परवडतो, हक्क सांगणारा रुग्ण परवडत नाही. हार्टफर्डमध्ये डॉक्टरांशी खटके उडाले आणि त्याला सुमारे तीन आठवडे रात्री स्ट्रेट जॅकेटमध्ये जखडून ठेवण्यात आलं. या अंगरख्यात हात छातीवर आडवे करून लांब बाह्या पाठीमागे आवळून बांधतात. काही तासांत बोटं बधिर होतात, खांदे पेटतात, नाकावर माशी बसली तरी उडवता येत नाही.

मिडलटाउनला गेल्यावर त्याने ठरवून आगळीक केली, कारण आक्रमक रुग्णांच्या वॉर्डात काय चालतं ते त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं. ते त्याने पुरेपूर पाहिलं. मारहाण झाली, गळा दाबला गेला, कनेक्टिकटच्या कडाक्याच्या थंडीत नुसत्या आतल्या कपड्यांवर कोठडीत राहावं लागलं. यात उन्मादाचा भाग किती आणि बातमीदाराची जिद्द किती, हे वेगळं काढता येणार नाही. मार्च १९०३ मध्ये त्याने थेट राज्याच्या गव्हर्नरला तक्रारीचं पत्र पाठवलं. ते पोचलं, गव्हर्नरांनी दखल घेतली आणि वागणुकीत फरक पडला. सप्टेंबर १९०३ मध्ये तो बाहेर आला.

बाहेर येताच त्याने पुस्तक लिहिलं का?

नाही, मध्ये पाच वर्षं गेली. तो पुन्हा नोकरीला लागला, घडी बसवली. १९०४च्या अखेरीस लिहिण्याची ऊर्मी इतकी अनावर झाली की घरच्यांना शंका आली. तेव्हा जानेवारी १९०५ मध्ये तो आपण होऊन हार्टफर्डच्या त्याच संस्थेत जाऊन महिनाभर राहिला. जिथे आपल्याला जखडून ठेवलं, तिथे पुन्हा पायऱ्या चढून जायला काय लागतं, याची कल्पना वाचकांनीच करावी.

हस्तलिखित तयार झाल्यावर तो सरळ छापखान्यात गेला नाही. हार्वर्डचे तत्त्वज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांच्याकडे त्याने ते पाठवलं. १९०६ साली जेम्स यांनी लिहिलेलं कौतुकाचं पत्र पुढे पुस्तकाच्या सुरुवातीला छापलं गेलं. मनोविकारतज्ज्ञ अ‍ॅडॉल्फ मायर यांनी मजकूर वाचून फेरफार सुचवले. ते त्याने केले. संस्थांची आणि छळणाऱ्यांची नावं त्याने दिली नाहीत. मार्च १९०८ मध्ये ‘अ माइंड दॅट फाउंड इटसेल्फ’ हे पुस्तक बाजारात आलं.

त्याच्या आधी कोणी आवाज उठवला नव्हता का?

कितीतरी जणांनी. डोरोथिया डिक्स यांनी १८४० च्या दशकात तुरुंगांत आणि भिक्षागृहांत डांबलेल्या मनोरुग्णांची पाहणी करून राज्याराज्यांना रुग्णालयं बांधायला लावली. बिअर्सच्या काळात बदनाम झालेली काही रुग्णालयं म्हणजे त्याच सुधारणेची फळं. एलिझाबेथ पॅकार्ड यांना त्यांच्या पाद्री नवऱ्याने १८६० साली, धर्मविषयक मतं पटत नाहीत म्हणून, इलिनॉय राज्याच्या मनोरुग्णालयात टाकलं होतं. सुटल्यावर त्या कायद्यांसाठी लढल्या. नेली ब्लाय या वार्ताहर तरुणीने १८८७ मध्ये वेडाचं सोंग घेऊन न्यूयॉर्कच्या ब्लॅकवेल बेटावरच्या इस्पितळात दहा दिवस काढले आणि आतली हकिकत वर्तमानपत्रात छापली.

मग बिअर्सलाच एवढं यश का आलं? तो पुरुष होता, येलचा पदवीधर होता, चांगल्या घरचा होता. हे अर्थात आहेच. पण खरं उत्तर त्याच्या डावपेचात आहे. पॅकार्ड डॉक्टरांच्या विरोधात उभ्या राहिल्या, बिअर्सने डॉक्टरांनाच आपल्या बाजूला बसवलं. पुस्तकातला राग त्याने त्यांच्या सल्ल्याने आवरला, प्रतिष्ठितांच्या सह्या जमवल्या आणि मग दार ठोठावलं. या शहाणपणाची किंमतही होती, ती पुढे कळते.

संस्था कशी उभी राहिली? पैसे कोणी दिले?

मे १९०८ मध्ये न्यू हेवनला कनेक्टिकट राज्यापुरती संस्था निघाली. १९ फेब्रुवारी १९०९ रोजी न्यूयॉर्कमध्ये ‘नॅशनल कमिटी फॉर मेंटल हायजीन’ स्थापन झाली. ‘मेंटल हायजीन’ (म्हणजे मनाचं आरोग्य राखणं) हे नाव मायर यांनी सुचवलेलं. कमिटीत जेम्स होते, मायर होते, शिकागोच्या समाजकार्यकर्त्या ज्युलिया लॅथ्रॉप होत्या. तिजोरी मात्र रिकामी. जेम्स यांनी १००० डॉलर दिले, बाकी काळ बिअर्सने उसनवारीवर काढला. अशातच मायर यांचं त्याच्याशी बिनसलं. आधी एका भागात मुरवून काम करावं, असं मायर यांचं मत होतं. बिअर्सला देश हवा होता, मग जग. १९१०च्या सुमारास मायर बाहेर पडले.

१९११ मध्ये पोलाद उद्योगातले कोट्यधीश हेन्री फिप्स यांनी ५०,००० डॉलर दिले आणि गाडी हलली. (हेच ते फिप्स, ज्यांच्या देणगीतून लॉर्ड कर्झनच्या काळात बिहारमधल्या पुसा इथे कृषी संशोधन संस्था उभी राहिली. बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्सला मनोविकार चिकित्सालय मिळालं तेही त्यांच्याच पैशातून, आणि त्याचे पहिले संचालक झाले मायर!) पुढे रॉकफेलर फाउंडेशनचीही मदत मिळाली.

कमिटीने प्रत्यक्षात काय केलं?

डॉ. थॉमस सॅमन यांच्या नेतृत्वाखाली राज्याराज्यांतल्या सोयींच्या पाहण्या झाल्या. कुठे मनोरुग्ण तुरुंगात आहेत, कुठे भिक्षागृहात, याची माहिती प्रथमच पद्धतशीर जमू लागली. पहिल्या महायुद्धात सॅमन यांनी १९१७ साली इंग्लंडला जाऊन ‘शेल शॉक’चा, म्हणजे लढाईच्या धक्क्याने सैनिकांना होणाऱ्या मानसिक आजाराचा, अभ्यास केला. पुढे फ्रान्समधल्या अमेरिकन फौजेसाठी त्यांनी आघाडीच्या जवळच लवकर उपचार देण्याची व्यवस्था बसवली. १९१३ मध्ये न्यू हेवनला बाह्यरुग्ण दवाखाना सुरू झाला. १९२२ पासून मुलांसाठी बालमार्गदर्शन केंद्रं निघाली. कॅनडात १९१८ साली डॉ. क्लॅरेन्स हिंक्स यांनी बिअर्सच्या मदतीने तिथली कमिटी काढली. मे १९३० मध्ये वॉशिंग्टनला पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तेव्हा कितीतरी देशांतले लोक आले होते.

मग मनोरुग्णालयं सुधारली का?

इथे उत्तर कडू आहे. १९०४ मध्ये अमेरिकेतल्या अशा संस्थांत सुमारे दीड लाख रुग्ण होते. १९५५ मध्ये सरकारी मनोरुग्णालयांतला आकडा साडेपाच लाखांच्या वर गेला. १९४६ साली ‘लाइफ’ साप्ताहिकाने या रुग्णालयांतली उघडी, उपाशी माणसं छायाचित्रांसह छापली आणि देश पुन्हा एकदा हादरला.

असं का झालं? माझ्या मते याचं मूळ त्या डावपेचात आहे. ज्यांच्याविरुद्ध तक्रार होती, त्याच व्यवसायातल्या वरिष्ठांना बिअर्सने सोबत घेतलं. त्यांना मिडलटाउनच्या कोठडीपेक्षा प्रतिबंध, शाळा, मुलं, कारखाने, सैन्य हे विषय अधिक सोयीचे होते. ‘आजार होऊच नये’ या घोषणेला देणगी मिळते. जो आजारी पडलेलाच आहे आणि गेली वीस वर्षं मागच्या वॉर्डात पडून आहे, त्याच्यासाठी कोण चेक फाडणार? कमिटीत डॉक्टर वाढले, पण बिअर्सखेरीज रुग्ण म्हणून ओळखला जाणारा आवाज तिथे जवळपास नव्हता.

या चळवळीचा सुप्रजननाशी संबंध होता, हे खरं का?

होय, आणि हे झाकू नये. सुप्रजनन म्हणजे ‘चांगल्या’ ठरवलेल्या माणसांनाच मुलं व्हावीत, इतरांना होऊ नयेत, हा विचार. इंडियाना राज्याने १९०७ मध्ये आणि कनेक्टिकटने १९०९ मध्ये सक्तीच्या नसबंदीचे कायदे केले. १९२७ मध्ये कॅरी बक या तरुणीच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा नसबंदीला मान्यता दिली. मेंटल हायजीनवाल्यांपैकी अनेक जण याच विचाराचे होते. ‘प्रतिबंध’ या गोंडस शब्दाखाली कोणाला मूल होऊ द्यायचं आणि कोणाला देशात येऊ द्यायचं हेही येऊन बसलं. बिअर्सने १९१२ मध्ये लग्न केलं आणि आजार पुढच्या पिढीत जाईल या धास्तीने मूल होऊ दिलं नाही.

ब्रिटनमध्ये असं काही घडलं का?

तिथे तोंड फोडलं ते एका डॉक्टरने. माँटेग्यू लोमॅक्स यांनी मँचेस्टरजवळच्या प्रेस्टविच इथल्या नोकरीचे अनुभव १९२१ साली प्रसिद्ध केले. आधी चौकशी, मग रॉयल कमिशन आणि अखेर १९३० चा कायदा असं प्रकरण पुढे गेलं. त्या कायद्याने रुग्णाला कोर्टाच्या आदेशाविना स्वेच्छेने सरकारी मनोरुग्णालयात दाखल होता येऊ लागलं.

भारताशी, महाराष्ट्राशी याचा काही संबंध?

थेट फार नाही, पण काही धागे नक्की आहेत.

बिअर्सचं पुस्तक आलं तेव्हा रत्नागिरी (१८८६), ठाणे (१९०१) आणि नागपूर (१८६४) इथली इस्पितळं चालू होती. येरवड्याचं १९१५ मध्ये सुरू झालं. ‘ठाण्याला पाठवा याला’, ‘याची जागा येरवड्यात’ ही मराठी टिंगल तिथूनच आलेली. १९१२ च्या भारतीय वेड्यांच्या कायद्यात भर होता तो मॅजिस्ट्रेट, पोलीस आणि दाखल करण्याचा हुकूम यांवर. आतल्या माणसाच्या हक्कांना त्यात फारशी जागा नव्हती. रांचीच्या युरोपियन मनोरुग्णालयाचे डॉ. ओवेन बर्कले-हिल यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस मेंटल हायजीनचा विचार भारतात संस्थेच्या रूपाने आणायचा प्रयत्न केला. मुंबईत १९३६ मध्ये सुरू झालेल्या समाजकार्याच्या संस्थेने (आजची टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) १९३७ साली बालमार्गदर्शन केंद्र काढलं. ते अमेरिकेतल्या त्या केंद्रांच्याच वळणाचं होतं. देशाच्या आरोग्यसेवेची पाहणी करून १९४६ साली अहवाल देणाऱ्या भोर समितीपुढे आलं ते चित्र असं, की देशात मनोरुग्णांसाठी सुमारे १०,००० खाटा आहेत आणि बरीच इस्पितळं उपचारापेक्षा कोंडून ठेवण्यासाठी बांधलेली आहेत.

१९१२ चा कायदा गेला तो १९८७ च्या कायद्याने, आणि तोही गेला २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने. रुग्णाला साखळदंड घालायला बंदी, एकांत कोठडीला बंदी, भूल न देता विजेचे झटके द्यायला बंदी, आपल्यावर कसे उपचार व्हावेत हे आधीच लिहून ठेवण्याचा हक्क, हे सारं त्यात आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं धरून चालावं आणि तिला शिक्षा करू नये, अशीही तरतूद आहे. बिअर्सच्या गुप्तहेरांचा उगम कुठे झाला ते आठवलं, की या तरतुदीचं मोल कळतं. (तुम्हाला किंवा घरातल्या कोणाला आत्ता मदत हवी असेल, तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. तिथे मराठीतही बोलता येतं.)

बिअर्सचं पुढे काय झालं?

चळवळीच्या कामात तो तीस वर्षं राबला. निधी गोळा करणं हेच त्याचं मुख्य काम होऊन बसलं होतं. १९३९ मध्ये आजार परतला आणि तो ऱ्होड आयलंडमधल्या बटलर हॉस्पिटलमध्ये दाखल झाला. ९ जुलै १९४३ रोजी तिथेच वारला. त्याची कमिटी १९५० मध्ये इतर संस्थांत मिसळली. तिचा वारसा आज ‘मेंटल हेल्थ अमेरिका’ चालवते. रुग्णालयांतून गोळा केलेल्या बेड्या वितळवून १९५३ साली ओतलेली ३०० पौंडांची घंटा हे या संस्थेचं बोधचिन्ह आहे.

पुस्तक आज वाचण्यासारखं आहे का? मिळतं कुठे?

आहे. स्वामित्व हक्क संपल्यामुळे प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर इंग्रजीत फुकट मिळतं. शैली जुन्या वळणाची, वाक्यं लांबलचक आणि लेखकाला स्वतःच्या हुशारीचं कौतुक अंमळ जास्तच. शेवटचा सुधारणांविषयीचा भाग कंटाळवाणा आहे, तो नुसता चाळला तरी चालेल. भावाच्या पत्रापासून गव्हर्नरच्या पत्रापर्यंतची प्रकरणं मात्र सलग वाचा. घरात कोणी या आजारातून जात असेल तर आधी तुम्ही वाचा आणि मग त्या व्यक्तीला द्यायचं की नाही ते ठरवा. छळाची वर्णनं अंगावर येणारी आहेत.